चाळिशी ओलांडताना

चाळिशी उलटलेल्या बाईबद्दल आपल्या गावांत दोन वाक्ये नेहमी कानावर येतात. एक, "हल्ली ती फार चिडकी झाली आहे." दुसरे, "पिशवी काढून टाकली म्हणजे कटकट सुटेल एकदाची." पहिल्या वाक्याने तिच्या मनाचा निकाल लागतो, दुसऱ्याने शरीराचा. ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात, घरचीच आणि मायेची असतात. तरीही त्यांपायी पुष्कळ बायकांचे नुकसान झालेले आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे. म्हणून विषय थोडा नाजूक असला तरी आज त्याविषयी मोकळेपणाने लिहीत आहोत. पुरुष वाचकांनी पान उलटू नये. शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या देशात बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी बंद होते. युरोप-अमेरिकेत हेच वय ५१ च्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे डॉक्टर धरतात. चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली तर मात्र ते नेहमीचे नव्हे, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

पाळी एका दिवसात बंद होत नाही. त्याआधी काही वर्षे, कोणाची दोन-चार तर कोणाची सात-आठ, अंडाशयाचे काम अनियमित चाललेले असते. पावसाच्या सुरुवातीला एक दिवस धो धो कोसळते आणि मग दहा दिवस दडी मारते, तसे ह्या काळात शरीरातील संप्रेरकांचे होते. त्यांचे प्रमाण एकदम चढते, एकदम उतरते. कधी पाळी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येतच नाही. अंगातून अचानक वाफा निघाल्यासारखे होते, चेहरा तापतो, छाती धडधडते, घाम फुटतो आणि चार-पाच मिनिटांत सगळे ओसरते. रात्री असे दोन-तीनदा झाले की झोपेचे खोबरे होते. जिला महिनोन्महिने सलग झोप मिळालेली नाही, ती सकाळी भाकरी थापताना हसतमुख असावी अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. चिडचिड, विसरभोळेपणा, कारण नसताना डोळे भरून येणे, पूर्वी सहज जमणाऱ्या कामाची धास्ती वाटणे, ह्या गोष्टी ह्या वयात दिसतात त्यांचे अर्धे कारण इथे आहे.

उरलेले अर्धे घरात आहे. त्याकडे डॉक्टरांचेही लक्ष फारसे जात नाही.

खानापूर किंवा चंदगडकडचे शेतकरी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. बाई सेहेचाळीस वर्षांची आहे. थोरला मुलगा गोव्यात किंवा पुण्याला कामाला लागला आहे, धाकटी मुलगी वयात येते आहे. सासऱ्यांना दिसत नाही, सासूबाईंना उठवून बसवावे लागते. ह्याच सुमारास थोरल्याचे लग्न होते आणि नवी सून उंबरठा ओलांडते. विचार करा, जिची पाळी जायला लागली ती, जिची नुकती सुरू झाली ती आणि जिच्या बाळाची सगळे वाट पाहत आहेत ती, अशा तिघी एका चुलीभोवती वावरत असतात. प्रत्येकीच्या शरीरात उलथापालथ चाललेली असते आणि त्याबद्दल कोणी कोणाशी चकार शब्द बोलत नाही. सासू-सून भांडणाच्या किती कथा आपण ऐकतो! त्यांतल्या पुष्कळ भांडणांत खरी भांडणारी झोप असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शिवाय ज्या कामामुळे बाईची घरात किंमत होती, ते काम तिच्या हातून निसटत असते. मुलांना तिची गरज पूर्वीसारखी उरत नाही. सुनेच्या हातची आमटी मुलाला आवडते, ही आनंदाची गोष्ट असली तरी आत कुठेतरी टोचते. रोपलावणीत जी बाई रांगेत सर्वांत पुढे असायची, ती आता कंबर धरून बांधावर बसते. "मी आता कोणाच्या उपयोगाची?" हा प्रश्न ती तोंडाने विचारत नाही, भांड्यांच्या आवाजातून विचारते.

पन्नाशीच्या आतबाहेर माणसाचे मन डळमळते ह्याला शास्त्रीय चर्चेत नाव मिळाले ते १९६५ साली, कॅनडात जन्मलेल्या एलियट जाक्स ह्या मनोविश्लेषकाच्या लेखामुळे. पुढे ती कल्पना इतकी पसरली की चाळिशी आली की संकट येणारच, असे लोक धरून चालू लागले. पण अमेरिकेत १९९५ पासून मध्यमवयीन स्त्री-पुरुषांची जी मोठी पाहणी सुरू झाली, तिच्यातून निराळेच दिसले. आपल्याला असे संकट आले होते, असे सांगणारे चौथ्या हिश्श्याच्या आसपासच होते. त्यांतही अनेकांचे संकट नुसत्या वयामुळे आलेले नव्हते. नोकरी जाणे, संसार मोडणे, जवळचे माणूस जाणे, अशा घटना त्यामागे होत्या. ही माहिती आपल्या कामाची आहे. वय थांबवता येत नाही, पण त्या वयात एकाच माणसाच्या डोक्यावर किती ओझे चढवायचे ते घरातली माणसे ठरवू शकतात.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू.

ह्या वयात अंगावरून जास्त जाणे ही फार आढळणारी तक्रार आहे. पाळी लांबते, गाठी पडतात, बाई फिकट पडते, जिना चढताना धाप लागते. अशा वेळी कोणीतरी सांगते, "मुले झाली, आता पिशवी ठेवून काय करायचे? उगाच कॅन्सर व्हायचा." भीतीपोटी दागिना गहाण पडतो आणि शस्त्रक्रिया होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या बायकांचे हे प्रकरण २०१९ साली महाराष्ट्रभर गाजले. सरकारने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात सुमारे ८२ हजार ऊसतोडणी करणाऱ्या बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. पुष्कळ जणींचे वय चाळीसच्या आतले होते. कामाचा खाडा पडला की मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीच नको, हाही विचार त्यामागे होता. ऊसतोडणीच्या ह्या टोळ्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यांकडेही येतात, तेव्हा हे दूरचे प्रकरण आहे असे समजू नये. देशभराच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही असे दिसले की पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक बायकांनी सांगितलेले कारण अंगावरून जास्त जाणे किंवा त्यातले दुखणे हेच होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणावीत, असे सर्व राज्यांना बजावले.

पिशवी काढणे कधीच बरोबर नसते, असा ह्याचा अर्थ नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने रक्तस्राव मुळीच आटोक्यात येत नसेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. परंतु ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवून काही वर्षे काम देणारे संप्रेरकाचे साधन आहे, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून कर्करोग आहे की नाही ते ठरवता येते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तरुण वयातच पाळी एका दिवसात गेल्यासारखे होते. वाफा, झोप उडणे, मन खचणे हे सगळे एकदम येते आणि पुढे हाडे व हृदय ह्यांनाही धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरीही त्यांचे काम काही वर्षे आधी थांबण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर विचारावे: "दुसरा उपाय करून पाहिला तर चालेल का? अंडाशये ठेवणार का?" आणि घाईचे कारण नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. बैल घेताना आपण चार जणांना दात दाखवतो!

उलट बाजूही सांगायला हवी. पाळी जाऊन वर्ष उलटले आणि त्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते डागभर का असेना, तर "उष्णता झाली असेल" म्हणून घरी बसू नये. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण काही वेळा तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि तेव्हाच पकडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. जिथे घाई नको तिथे आपण घाई करतो आणि जिथे हवी तिथे लाजतो, असे अनेकदा घडते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट करावी. आपल्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाय कधी फळली, कोंबडी कधी बसवली, खत कधी टाकले, ह्याच्या खुणा असतात. बाईने आपल्या पाळीची तारीख, किती दिवस गेले, रात्री किती वेळा जाग आली, ह्याच्याही खुणा तिथेच कराव्यात. तीन महिन्यांचा असा कागद डॉक्टरांपुढे ठेवला तर अर्धी तपासणी झालीच म्हणायची. सोबत रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडला तरी थकवा, उदासी आणि चिडचिड अशीच दिसते, आणि दोहोंवर औषध आहे. रक्तदाब व साखर तर ह्या वयात स्त्री-पुरुष दोघांनीही पाहून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांपुढील सर्वांसाठी ही तपासणी होते. आशाताईंना विचारावे.

वाफा आणि झोपमोड फारच असह्य झाली तर संप्रेरकांचे औषध देता येते. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीनंतर ह्या औषधाची जगभर भीती बसली. पुढे त्याच आकड्यांचा वयाप्रमाणे पुन्हा अभ्यास झाला तेव्हा साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी बाईला त्याचा फायदा सहसा तोट्याहून जास्त असतो, असे दिसले. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास असलेल्या बायकांनी मात्र ते घेऊ नये. तेव्हा ते औषध दुकानातून मागून आणायचे नव्हे, डॉक्टरांनीच ठरवायचे.

खाण्याबद्दल थोडक्यात. पाळी गेल्यावर हाडे लवकर विरळ होऊ लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे ह्या वयातील बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपली नाचणी ह्या बाबतीत खरोखर गुणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. तीळ, दूध, ताक आणि काट्यांसकट खाता येणारी बारीक सुकी मासळी ह्यांनी उरलेले भरून निघू शकते. दुर्दैवाने घरातले दूध डेअरीला किंवा नातवाला जाते, आणि बाई चहावर दिवस काढते. एक पेला दूध तिच्यासाठी बाजूला ठेवणे हे घरच्या कर्त्याने आपले काम समजावे.

शेतात चालणे-वाकणे हाडांना चांगलेच. पण शेणखताच्या भरलेल्या पाट्या आणि पाण्याच्या दोन-दोन घागरी डोक्यावर घेणे ह्या वयात बेताने असावे. आधीच सैल झालेले अंग बाहेर येण्याची तक्रार त्याने वाढते. खोकताना, शिंकताना लघवीचा थेंब जाणे हीही लाजेने दडवलेली तक्रार आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच मोकळ्या वेळी आवळावेत, पाच-दहा आकडे मोजून सोडावेत, असे दिवसातून तीन वेळा दहा-दहादा करावे. तीन महिने चिकाटीने केल्यास पुष्कळ जणींना फरक पडतो. चुलीपुढे बसल्या बसल्याही होते, कोणाला कळतसुद्धा नाही.

नवराबायकोच्या संबंधाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ह्या काळात अंग कोरडे पडते आणि जवळीक दुखते. बाई टाळू लागते, ती कारण सांगत नाही, नवरा समजतो की तिचे मन उडाले. मग तो ओट्यावर झोपायला जातो आणि घरात एक अबोला सुरू होतो, जो वर्षानुवर्षे चालतो. वास्तविक ह्यावर साधी मलमे आहेत आणि डॉक्टरांना त्यात काही नवल वाटत नाही. "अहो, मला त्रास होतो, मन नाही असे नव्हे," एवढे एक वाक्य बोलायला पंचवीस वर्षांच्या संसारात हरकत नसावी. ज्या जोडप्यांनी दिवस मोजून कुटुंब मर्यादित ठेवले आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पाळी अनियमित झाल्यावर दिवसांच्या मोजणीवर विसंबता येत नाही. पन्नाशीनंतर पाळी गेली असेल तर एक वर्ष आणि त्याआधी गेली असेल तर दोन वर्षे दिवस जाण्याचा संभव धरून चालावे.

आणि आता पुरुषांविषयी.

पुरुषाच्या शरीरात असा एकाएकी बदल होत नाही. त्याचे संप्रेरक तिशी-चाळिशीपासून अगदी हळूहळू, वर्षाला जेमतेम एखाद टक्क्याने उतरते. म्हणून आपल्याला काही झालेच नाही अशी त्याची समजूत असते. पण गुडघे बोलू लागलेले असतात, सोसायटीचे कर्ज फिटलेले नसते, आणि मुलगा म्हणतो, "बाबा, भात परवडत नाही, काजू लावू, नाहीतर जमीन खंडाने देऊ." ज्या जमिनीसाठी त्याने उभा जन्म घातला तिचा हिशोब मुलगा मोबाईलवर दोन मिनिटांत मांडतो आणि तो तोट्याचा निघतो! त्या वेळी बापाला जे वाटते त्याला आपल्या बोलीत शब्द नाही. बाई रडते तरी. पुरुष गप्प होतो, नाहीतर ओरडतो, नाहीतर संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो. पुरुषाची उदासी बहुधा अशाच वेषात येते, रागाच्या, दारूच्या किंवा पाठदुखी-डोकेदुखीच्या, आणि म्हणून ती ओळखली जात नाही. ह्याचा परिणाम किती गंभीर होतो ते आकडे सांगतात. २०२२ साली आपल्या देशात १ लाख ७० हजारांवर माणसांनी स्वतःचा जीव घेतला, त्यांत दर दहांत सात पुरुष होते.

शेती मुलाच्या हाती देण्याचा प्रश्न सगळी किंवा काहीच नाही अशा रीतीने सोडवू नये. एक शेत, अर्धा एकर का असेना, मुलाच्या मर्जीप्रमाणे करू द्यावे. त्यात काजू लावो, भाजी करो. तीन हंगाम बापाने बांधावरून सल्ला देऊ नये. उरलेले बापाच्या मर्जीने चालावे. बाईच्या बाबतीतही तसेच. चूल सुनेच्या हाती गेली तर परसू, कोंबड्या, बियाणे राखणे, महिला संघाचे हिशोब, ह्यांतले एखादे काम तिच्याच नावावर असावे आणि त्याचे पैसे तिच्याच हाती यावेत. रात्रीची झोप मोडत असेल तर सासूबाईंना उठवण्या-बसवण्याची पाळी आठवड्यातून तीन रात्री नवऱ्याने घ्यावी. मुलगा का करू शकत नाही आपल्या आईचे? मी तरी ह्याला कारण पाहिलेले नाही.

मन उदास होणे आणि उदासीचा आजार होणे ह्यांत फरक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस कशातच रस वाटत नाही, अन्न जात नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग छताकडे बघत पडावे लागते, आपण गेलो तर बरे असे मनात येते, अशी स्थिती असेल तर तो आजार समजावा. पूर्वी, बाळंतपणानंतर वगैरे, असा त्रास झालेल्या बाईला पाळी जाण्याच्या काळात तो पुन्हा होण्याचा संभव जास्त असतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. ह्या आजारावर औषधोपचार आहे आणि त्यासाठी आता मोठ्या शहरातच जावे लागते असे नाही. १९८० च्या दशकात बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात साध्या आरोग्य केंद्रांतून मनाच्या आजारांवर उपचार करून दाखवले, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी केल्यास मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते कळेल. तेही जमत नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लावता येतो आणि मराठीत, कन्नडमध्येही बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, पशुवैद्याच्या क्रमांकाशेजारी.